लसीच्या इंजेक्शनने मुलीच्या पायाची नस दुखावली : तडजोडीच्या कागदावर सही करावी का?

गोदातीर

नमस्कार मंडळी. हा विषय बरेच दिवस मनात घोळत होता. आता मुदत संपत आल्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही नाशिकला मखमलाबाद रस्त्याला राहतो. मुलीला दीड वर्षाचा ट्रिपलचा बूस्टर घराजवळच्या एका खासगी दवाखान्यात पैसे भरून दिला. डॉक्टर आत दुसऱ्या रुग्णाजवळ होते, त्यामुळे इंजेक्शन तिथल्या मदतनीस बाईंनी दिले, आणि तेही मांडीत न देता कमरेवर, डाव्या बाजूला. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण आमच्या लहानपणी सगळी इंजेक्शने कमरेवरच घेतलेली आठवतात. रात्री ताप आला, रडारड झाली, ते अपेक्षितच होते. सकाळी तिला पलंगावरून खाली उभे केले, तर डावे पाऊल फरशीवर नीट टेकेना. बोटे खाली लोंबत होती आणि चालताना अंगठा फरशीवर घासत होता. आजही तिच्या डाव्या चपलेचे टोक महिनाभरात झिजून पांढरे पडते आणि उजवी चप्पल नवीकोरी दिसते.

दवाखान्यात सांगितले की अशक्तपणा आहे, आठ दिवसांत जाईल. तो गेला नाही. तीन आठवड्यांनी मेंदू व मज्जाविकार तज्ज्ञांनी एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी, चाचणी करवली. कुल्ल्यातून पायात उतरणाऱ्या सायटिक नसेला इजा आहे आणि पाऊल वर उचलणाऱ्या फाट्यावर तिचा परिणाम जास्त आहे, असे निदान झाले. या गोष्टीला आता बावीस महिने होत आले. पाय पुष्कळ सुधारला आहे, पण पाऊल पूर्ण उचलले जात नाही आणि प्लास्टिकची पट्टी लावूनच ती चालते. आजवर आमचे दोन लाखांच्या वर पैसे गेले.

आमच्या नोटिशीनंतर दवाखान्याच्या वकिलांनी साडेतीन लाख देऊ केले आहेत. पाचशेच्या मुद्रांकावरचा मसुदाही पाठवला आहे. त्यात लिहिले आहे की सदर लसीकरणामुळे वा अन्य कोणत्याही कारणाने आज उद्भवलेल्या व पुढे उद्भवणाऱ्या सर्व तक्रारींपोटी ही रक्कम पूर्ण व अंतिम आहे, दवाखाना कोणतीही चूक मान्य करत नाही, आणि आम्ही कुठल्याही कार्यालयाकडे तक्रार करणार नाही. घरातले म्हणतात, मिळते आहे ते घ्या. माझा हात कागदाकडे जात नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. माझी तक्रार लसीविरुद्ध नाही. त्यानंतरच्या तिच्या सगळ्या लसी आम्ही वेळेवर दिल्या आहेत. सुई जिथे टोचायला नको होती तिथे टोचली गेली, एवढीच माझी तक्रार आहे.

पाथर्डीफाटा

ताई, वाचून फार वाईट वाटले. घाईने सही करू नका. इंजेक्शन कमरेवर दिले हे लेखी कुठे आहे का?

गोदातीर

तिथेच अडते आहे. लसीकरणाच्या कार्डावर तारीख आहे, बाटलीच्या बॅच क्रमांकाची चिकटपट्टी आहे, शिक्का आहे. पण टोचल्याच्या जागेचा रकाना कोरा आहे. त्या मदतनीस बाई काम सोडून गेल्या. तोंडी बोलताना दवाखान्याने काही नाकारले नव्हते. नोटिशीच्या उत्तरात मात्र इंजेक्शन मांडीत दिल्याचे आणि कमजोरी विषाणूसंसर्गामुळे आल्याचे लिहिले आहे.

उपचारक

मी गेली काही वर्षे लहान मुलांच्या फिजिओथेरपीचे काम करतो, म्हणून वैद्यकीय बाजूपुरते लिहितो.

या वयाच्या मुलांना स्नायूत द्यायच्या लसी मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात द्याव्यात, असे सरकारी लसीकरण कार्यक्रम सांगतो आणि बालरोगतज्ज्ञांची संघटनाही तेच सांगते. कुल्ला टाळण्याचे कारण सरळ आहे. सायटिक नस तिथून जाते, आणि लहान मुलाच्या कुल्ल्याचे स्नायू इतके पातळ असतात की सुई जरा आत वा मध्यभागाकडे गेली तरी ती नसेजवळ पोहोचते. पाऊल वर उचलणारा फाटा अशा इजेत जास्त सापडतो, म्हणून पाऊल लोंबते. लसीच्या गुणवत्तेचा येथे संबंध नाही. तीच लस मांडीत दिली असती तर हे घडले नसते. लसीकरणानंतरच्या दुष्परिणामांची सरकारी छाननी होते तेव्हा लसीतील घटकामुळे झालेला त्रास, लसीच्या दर्जातील दोष, लस देण्यातील चूक, टोचण्याच्या भीतीतून आलेला त्रास आणि निव्वळ योगायोग असे प्रकार वेगवेगळे धरतात. आपले प्रकरण लस देण्यातील चुकीचे दिसते.

आता पैशांशी जोडलेली गोष्ट. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढते, म्हणून कुल्ल्यापासून पिंडरीपर्यंतची सुधारणा महिनोन्‌महिने चालते आणि शेवटी किती उणीव राहील हे पहिल्या वर्षात सांगता येत नाही. शिवाय मूल वाढते आणि नस मागे राहते. टाचेची शीर आखडू शकते, तो पाय बारीक राहू शकतो, आणि पाय वाढेल तशी पट्टी बदलावी लागते. अठरा वर्षांपर्यंत किती पट्ट्या लागतील, किती वर्षे व्यायाम लागेल, शीर मोकळी करण्याची शस्त्रक्रिया लागू शकते का, हे आपल्या तज्ज्ञांकडून लेखी घेतल्याशिवाय कुठल्याही आकड्याला होकार देऊ नये.

आणखी एक विचारतो. पाय लुळा पडला तेव्हा मुलीच्या शौचाचे नमुने घ्यायला कोणी घरी आले होते का?

गोदातीर

हो, आले होते! तज्ज्ञांना दाखवल्यावर दोन दिवसांनी आरोग्य विभागाची माणसे घरी आली. चोवीस तासांच्या अंतराने दोन नमुने घेतले, बर्फाच्या डब्यातून नेले. दोन महिन्यांनी एक डॉक्टर पुन्हा येऊन पिंडऱ्यांचा घेर टेपने मोजून गेले. पोलिओ नाही एवढेच कळवले गेले, म्हणून आम्ही ते विसरूनही गेलो. त्याचा येथे काय उपयोग?

उपचारक

फार मोठा उपयोग आहे. पंधरा वर्षांखालील मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला की कारण काहीही वाटो, डॉक्टरांनी ते कळवायचे असते. भारतातला पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला, तरी ही पाळत बंद झालेली नाही. तपासणीत आधी इंजेक्शन दिले होते का आणि कुठे दिले होते, हे विचारतात, कारण इंजेक्शनने नस दुखावणे हे अशा लुळेपणाचे एक परिचित कारण आहे. साठ दिवसांनंतरची तपासणी उणीव राहिली का, हे पाहण्यासाठीच असते. म्हणजे वाद सुरू होण्याच्या कितीतरी आधी, कुणाचा काही स्वार्थ नसलेल्या सरकारी माणसाने आपल्या मुलीची हकीकत लिहून ठेवली आहे. तो कागद मिळवा.

निवृत्त शिरस्तेदार

माझी नोकरी न्यायालयात गेली. मी वकील नाही, पण तडजोडीच्या पुरशिसा, म्हणजे पक्षकारांनी न्यायालयाला दिलेली लेखी निवेदने, आयुष्यभर हाताळल्या. जिथे घोटाळा होतो ते सांगतो, थोडे लांबेल.

प्रथम मुदत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल करावी लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. बोलणी चालू आहेत म्हणून घड्याळ थांबत नाही. समोरचा पक्ष नेमके शेवटचे दोन महिने गोड बोलण्यात घालवतो, हे मी कैक वेळा पाहिले आहे. आधी तक्रार दाखल करा, बोलणी नंतरही चालू राहतात. आपण लसीसाठी जी किंमत मोजली तिच्यावर आयोगाची हद्द ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. म्हणून भरपाई कितीही मागितली तरी हे प्रकरण जिल्हा आयोगातच बसेल, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास दाखल करण्याचे शुल्कही नाही. वकिलाचा खर्च जड जात असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या. स्त्रिया आणि बालके यांना १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ खाली उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

दुसरी गोष्ट अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलीची, आणि हीच माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. पैसा तिचा आहे. इजा तिच्या पायाला झाली आहे आणि पुढची साठ-सत्तर वर्षे तो पाय तिलाच वापरायचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम ७ प्रमाणे दाव्यात अज्ञानाच्या वतीने तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते, पालकाचे प्रतिज्ञापत्र लागते आणि वकील असल्यास ही तडजोड अज्ञानाच्या हिताची आहे असा त्याचा दाखला लागतो. परवानगीवाचून केलेली तडजोड अज्ञानाला पुढे रद्द ठरवून घेता येते. नियम ६ प्रमाणे तिच्या नावचे पैसेही परवानगीशिवाय पालकाने उचलायचे नसतात. आयोग संहितेच्या प्रत्येक नियमाने बांधलेला नसला, तरी हीच पद्धत तिथे पाळायला लावा, म्हणजे अज्ञानाचे हित पाहून तडजोड मान्य केली, अशी ओळ आदेशात येईल. पाचशेच्या मुद्रांकावर दवाखान्यात बसून केलेल्या सहीत ही ओळ कुठून येणार?

तिसरे, मध्यस्थीचे. नव्या कायद्यात मध्यस्थी कक्ष आहे, पण वैद्यकीय निष्काळजीपणामुळे गंभीर दुखापत वा मृत्यू झाला असेल ते प्रकरण मध्यस्थीकडे पाठवायचे नाही, असे २०२० च्या मध्यस्थी नियमांत स्पष्ट म्हटले आहे. म्हणून तिकडे जाऊ, लवकर संपेल, असे कुणी म्हटले तर हा नियम दाखवा. दोन्ही वकिलांनी बोलणी करून आयोगापुढे पुरशीस द्यावी, हा मार्ग खुला असतो.

आकड्याबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मास्टर मल्लिकार्जुन प्रकरणात, मोटार अपघातात कायमचे अपंगत्व आलेल्या मुलांसाठी एक पट्टी घालून दिली : दहा टक्क्यांपर्यंत एक लाख, तीस टक्क्यांपर्यंत तीन लाख, साठपर्यंत चार, नव्वदपर्यंत पाच, त्यावर सहा. समोरचे वकील ती दाखवतील. तेव्हा सांगा की ती अपघाताच्या दाव्यांपुरती आहे, शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च तीत धरलेला नाही. आपल्याला जवळचा निर्णय स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलचा आहे. परिचारिकेने दिलेल्या चुकीच्या इंजेक्शनने बालकाच्या मेंदूला इजा झाली होती. मूल आणि आईवडील दोघेही ग्राहक आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ठरवले, आणि मुलाला साडेबारा लाख व आईवडिलांना मनस्तापापोटी वेगळे पाच लाख कायम केले. मदतनीस सोडून गेली म्हणून दवाखान्याची जबाबदारी जात नाही, हेही त्यातून निघते.

विमापत्र

मी विम्याच्या कचेरीत दावे पाहत असे. बहुतेक डॉक्टरांकडे व्यावसायिक जबाबदारीचा विमा असतो आणि विमा कंपनीच्या संमतीशिवाय चूक मान्य करू नये वा तडजोड करू नये, अशी अट त्यात असते. दवाखाना परस्पर साडेतीन लाख देत असेल तर दोनच शक्यता दिसतात : विमा नाही, किंवा कंपनीला कळू द्यायचे नाही. वकिलामार्फत लेखी विचारा. चूक मान्य नसल्याची ओळ बरेचदा याच अटीमुळे येते, ती प्रत्येक वेळी उद्धटपणातून आलेली नसते.

निफाडकर

धागा वाचून विचारावेसे वाटले. माझ्या भाच्याला गावातल्या मोफत सत्रात लस दिली, मांडीत मोठे गळू झाले, चिरा द्यावा लागला. त्याला ग्राहक आयोगात जाता येईल का?

निवृत्त शिरस्तेदार

भाऊ, बहुधा नाही. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता या १९९५ च्या निकालाप्रमाणे जिथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते ती सेवा या कायद्याबाहेर राहते. सरकारविरुद्ध दिवाणी दावा करता येतो, त्याआधी संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. सरकारी दवाखान्यातल्या निष्काळजीपणाला राज्य जबाबदार असते, हे अच्युतराव खोडवा प्रकरणात १९९६ मध्ये ठरले आहे, आणि ते प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलेच. पण मूल आता पूर्ण बरे असेल तर प्रथम तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी कळवा. त्या सत्रात आणखी कुणाला गळू झाले का, हे तपासले जाणे आपल्या भाच्याच्या भरपाईपेक्षाही निकडीचे आहे.

दूरदेशी

मी मूळची नाशिकरोडची, सध्या न्यू जर्सीत असते. येथे १९८६ च्या कायद्याने लसीच्या इजेसाठी वेगळी योजना आहे. लसीच्या प्रत्येक मात्रेवर, ती जितक्या रोगांवर असेल तितके पाऊण-पाऊण डॉलर कर घेतात आणि त्या निधीतून भरपाई देतात. निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. दावा वाजवी आधारावर आणि सद्हेतूने केला असेल तर हरणाऱ्यालाही वकिलाचा खर्च मिळू शकतो. यातल्या भरपाईपैकी सुमारे साठ टक्के प्रकरणे तडजोडीने मिटतात, आणि तिथे लसीनेच इजा झाली असा निष्कर्ष सरकारने काढलेला नसतो. ताई, चूक मान्य नाही या ओळीने आपल्याला किती टोचते आहे ते मी समजू शकते. ती ओळ सगळीकडेच असते, म्हणून तिच्यापायी मुलीच्या हिताची तडजोड मोडू देऊ नका.

कालिकावासी

करोनाच्या लसीचे दावे यातच येतात का? माझ्या ओळखीत एक प्रकरण आहे.

निवृत्त शिरस्तेदार

ते वेगळे. तिथे वाद लसीच्या घटकाचा आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते की लस ऐच्छिक होती आणि ज्यांना भरपाई हवी त्यांनी दिवाणी न्यायालयात जावे. इथे सुई कुठे टोचली एवढाच प्रश्न आहे, आणि तो सिद्ध करायला कितीतरी सोपा आहे. दोन्ही विषय एकत्र केले तर या ताईंचे नुकसान होईल. त्या प्रकरणासाठी कृपया वेगळा धागा काढावा.

गोदातीर

मंडळी, आठ महिन्यांनी लिहीत आहे. उशिराबद्दल क्षमा असावी; आदेश हातात पडेपर्यंत न लिहिण्याचा सल्ला वकीलबाईंनी दिला होता.

साडेतीन लाखांच्या कागदावर मी सही केली नाही. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज देऊन आरोग्य विभागाकडून मुलीच्या तपासणीच्या कागदाची प्रत मागितली. स्वतःच्याच मुलीची माहिती असल्यामुळे हरकत आली नाही. उपचारक, आपण म्हणालात तसेच निघाले. इंजेक्शनची जागा डावा कुल्ला, त्यानंतर सुमारे चौदा तासांनी कमजोरी, असे निळ्या शाईत लिहिलेले होते. तो कागद मी त्र्यंबक रस्त्याला, जिल्हा रुग्णालयासमोर रिक्षात बसून वाचला, कारण त्याच दिवशी तिच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आम्ही तिथे आलो होतो. तेही मिळाले, सध्या मुदतीचे आहे. बावीस महिने मला कुणी खोटे म्हटले नव्हते, पण माझे खरे आहे असेही कुणी लिहून दिलेले नव्हते. अनोळखी माणसाच्या हस्ताक्षरातल्या त्या दोन ओळी वाचताना मला रडू आले.

मुदत संपायला एकोणीस दिवस असताना विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाईंनी तक्रार दाखल केली. सोबत कागदाची प्रत आणि अठरा वर्षांपर्यंतच्या खर्चाचे तज्ज्ञांचे पत्र जोडले. समोरच्यांनी मध्यस्थीची मागणी केली, तेव्हा वकीलबाईंनी २०२० चा नियम दाखवला. त्यानंतर विमा कंपनी पुढे आली. विमापत्र, आपला तर्क बरोबर होता. कंपनीला तोवर कळवलेलेच नव्हते.

अकरा लाखांवर तडजोड झाली. आठ लाख मुलीच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत ती अठरा वर्षांची होईपर्यंत मुदत ठेवीत राहतील आणि व्याज उपचारासाठी काढता येईल. तीन लाख आमच्या झालेल्या खर्चापोटी मिळाले. चूक मान्य नसल्याची ओळ राहिली. दूरदेशी ताई, आपले शब्द आठवून मी ती राहू दिली. तक्रार न करण्याची अट मात्र मी काढायला लावली : दवाखान्याचे नाव आणि कागदोपत्रीच्या इतर गोष्टी मी जाहीर करायच्या नाहीत, पण आरोग्य विभागाला वा वैद्यकीय परिषदेला माहिती देण्यास बाध येणार नाही, असे शब्द आले. रक्कम सांगण्यास दोन्ही पक्षांची हरकत नव्हती, म्हणून इथे लिहिली. पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च वेगळा राखून ठेवण्याचा आम्ही फार प्रयत्न केला, पण तो मान्य झाला नाही. ती लागली तर याच पैशातून करावी लागेल, आणि याची काळजी मला आहे.

शिरस्तेदार काका, अज्ञानाचे हित पाहून तडजोड मान्य केल्याची आपण सांगितलेली ओळ आदेशाच्या चौथ्या परिच्छेदात आहे. मी माझे प्रतिज्ञापत्र दिले, वकीलबाईंनी दाखला दिला, आणि आयोगाने मला उभे करून विचारले की पैसे कुणाचे आहेत हे तुम्हाला समजले आहे ना. मी हो म्हटले.

निफाडकर भाऊ, माहिती अधिकाराच्या अर्जाचा मजकूर मी जपून ठेवला आहे. भाच्यासाठी हवा असेल तर कळवा, नावे काढून इथेच देते.